बंधुमंडळांचें दार आणि स्त्रियांचें सभासदत्व

पुणें जिल्ह्यांत घोडेगांवाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या वाटेवर शिनोली नांवाचें गांव आहे. आंबेगांव आणि जुन्नर ह्या दोन तालुक्यांत अशीं गांवें पुष्कळ आहेत. शिनोलीसारख्या एखाद्या गांवांत दिवेलागणीच्या सुमारास शेतावरून घरीं परतणाऱ्या स्त्रीस वाटेंत किती मंडळांचीं दारें लागतात, ह्याची कोणी मोजदाद केली तर ती मोठी बोधप्रद ठरेल. एका अंगास तालीम, देवळांत टाळमृदंगाचा गजर करणारें भजनी मंडळ, चावडीपाशीं ग्रामपंचायत, शेतीस कर्ज देणारी विविध कार्यकारी सोसायटी, आणि पारावर, जत्रेची वर्गणी किती काढावी नि कुस्त्यांचा आखाडा केव्हां भरवावा ह्याचा खल करीत बसलेली यात्रा कमिटी. ह्यांपैकीं कोणत्या दारांतून ती सभासद म्हणून आंत जाईल, कोणत्या दारापाशीं पाहुणी म्हणून थांबेल, आणि कोणत्या दारावरून पदर सावरून मुकाट्यानें पुढें निघून जाईल? दारावर पाटी कोठेंच लावलेली नसते. तथापि कोणतें दार आपलें आणि कोणतें परकें, हें तिला बालपणापासून ठाऊक असतें.

केवळ पुरुषांसाठीं म्हणून निघालेल्या मंडळांनीं स्त्रियांस सभासद करून घ्यावें कीं नाहीं, हा प्रश्न अनेक देशांत निरनिराळ्या रूपांनीं उभा राहिला आहे. अमेरिकेंतील महाविद्यालयांत तो विद्यार्थ्यांच्या बंधुसंघांविषयीं विचारला जातो. मोठ्या शहरांत तो रोटरी, लायन्स अशा क्लबांविषयीं विचारला गेला. महाराष्ट्रांतील खेड्यांत तो तालीम, सोसायटी, यात्रा कमिटी ह्यांच्याविषयीं, उघड उच्चार न होतां, मनांतल्या मनांत विचारला जातो. नांवें वेगळीं असलीं तरी गांठ एकच आहे.

पुरुषांचीं म्हणून जीं मंडळें निघालीं, त्यांच्या मुळाशीं सर्वत्र स्त्रीद्वेषच होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. तालमीचेंच उदाहरण घ्यावें. पहाटेच्या अंधारांत निरनिराळ्या घरांतील मुलें तेथें एकत्र जमतात. तेल, ताक आणि हळद घालून मऊ केलेल्या तांबड्या मातींत जोर मारतात. मारुतिरायाच्या मूर्तीस नमस्कार करून वस्तादाच्या पायां पडतात. श्रीमंताचा मुलगा आणि गरिबाचा मुलगा दोघेही लंगोटावर उतरले म्हणजे सारखेच. तेथें मुलगा शिस्त शिकतो, पराभव गिळावयास शिकतो, आणि जन्मभर पुरणारे मित्र जोडतो. ब्रह्मचर्याचा आदर्श आणि मारुतीची उपासना ह्यांमुळें स्त्रीनें त्या जागेंत येऊं नये असा संकेत पडला. ज्या मंडळानें तरुणांस इतकें दिलें, त्याच्या जुन्या सभासदांस बदलाची भीति वाटली तर ती समजण्याजोगी आहे. आपला जिव्हाळा परक्याच्या प्रवेशानें पातळ होईल, असें त्यांस वाटतें.

परंतु हा ‘परका’ कोण, ह्याचा हिशेब काळाबरोबर कसा बदलतो, ह्याचें एक बोलकें उदाहरण मुंबईच्याच इतिहासांत आहे. फ्रीमेसन ह्या जगप्रसिद्ध बंधुसंघाच्या शाखा इंग्रजांबरोबर मुंबईस आल्या. सर्व माणसें एकमेकांचे बंधु, हें त्यांचें ब्रीद. माणकजी करसेटजी नांवाच्या एका सुविद्य पारशी गृहस्थांनीं सभासदत्वाची इच्छा धरली, तेव्हां मुंबईंतील शाखेचें दार त्यांस उघडलें नाहीं. ते युरोपांत गेले आणि पॅरिस येथील शाखेंत त्यांस बंधु म्हणून स्वीकारण्यांत आलें. पुढें १८४३ सालीं डॉक्टर जेम्स बर्न्स ह्यांच्या पुढाकारानें मुंबईंत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही शाखा स्थापन झाली आणि एतद्देशीय लोकांस तिच्यांत जागा मिळाली. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, ह्याच माणकजींनीं १८६३ सालीं मुंबईंत मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठीं अलेक्झांड्रा संस्था काढली. बंद दाराबाहेर उभें राहणें म्हणजे काय, ह्याचा ज्यांस अनुभव आला होता, त्यांनीं दुसऱ्यांसाठीं एक दार उघडलें. ज्या बंधुसंघास एके काळीं हिंदी माणूस परका वाटला, त्यास कांहीं वर्षांनीं तो वाटेनासा झाला. आणि त्यामुळें संघ बुडाल्याचें कोठें आढळत नाहीं.

फ्रीमेसन संघापुढें स्त्रियांचा प्रश्नही लवकरच आला. १८८२ सालीं फ्रान्समधील ले पेक येथील एका शाखेनें मारिया देरेम ह्या विदुषीस बंधुसंघाची दीक्षा दिली. ही गोष्ट इतर शाखांस मानवली नाहीं. शेवटीं १८९३ सालीं पॅरिस येथें स्त्रीपुरुषांस समान सभासदत्व देणारा एक स्वतंत्र मेसन संघच निघाला. अॅनी बेझंट ह्याच संघांत दाखल झाल्या आणि त्यांच्यामुळें त्याच्या शाखा हिंदुस्थानांतही आल्या. ह्या घटनेंत एक क्रम दिसतो, आणि तो पुढें वारंवार आढळतो: प्रथम एखादी लहान शाखा धीर करते, मग मध्यवर्ती संस्था तिजवर रागावते, आणि मग हळूहळू नियम बदलतो, किंवा नवी संस्था जन्म घेते.

हाच क्रम रोटरी क्लबाच्या इतिहासांत अगदीं ठळकपणें दिसतो, आणि शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस तो अधिक जवळचा वाटेल. १९०५ सालीं शिकागो येथें पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें निरनिराळ्या धंद्यांतील चार मित्रांचा स्नेहमेळा म्हणून रोटरीचा आरंभ केला. पुढें हिच्या शाखा जगभर पसरल्या. मुंबईचा क्लब १९२९ सालचा आहे. सभासद ‘पुरुष’ असावा, असा घटनेंतच शब्द होता. हा शब्द काढून टाकावा अशी सूचना १९५० सालीं संस्थेच्या विधिमंडळापुढें आली, आणि ती आणणारा क्लब भारतांतील होता, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. स्त्रियांस समान स्थान देण्याचा विचार म्हणजे पश्चिमेकडून आलेलें फॅड, असें जे म्हणतात त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. १९६४ सालीं सिलोनमधील एका क्लबानेंही तशीच सूचना केली. दोन्ही वेळां ती मान्य झाली नाहीं.

पुढें १९७७ सालीं कॅलिफोर्नियांतील दुआर्ते नांवाच्या लहानशा गांवच्या क्लबानें तीन स्त्रियांस सभासद करून घेतलें. मध्यवर्ती संस्थेनें १९७८ सालीं ह्या क्लबाची सनद काढून घेतली. दुआर्तेच्या मंडळींनीं आपल्या बिल्ल्यावरील रोटरीच्या चक्रावर मोठी फुली मारली, स्वतःस ‘माजी रोटरी क्लब’ म्हणवून घेतलें, आणि काम पूर्ववत् चालूं ठेवलें. प्रकरण न्यायालयांत गेलें. जवळजवळ दहा वर्षांनीं, १९८७ सालच्या मे महिन्याच्या ४ तारखेस, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सर्वानुमतें दुआर्ते क्लबाच्या बाजूनें निकाल दिला. त्याच वर्षीं सिल्व्हिया व्हिटलॉक ह्या त्या क्लबाच्या अध्यक्ष झाल्या. रोटरी क्लबाचें अध्यक्षपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९८९ सालच्या जानेवारींत संस्थेच्या विधिमंडळानें घटनेंतील ‘पुरुष’ हा शब्द काढून टाकला, आणि १९९० सालच्या जूनपर्यंत रोटरींतील स्त्रियांची संख्या २०,००० च्या वर गेली. २०२२ सालीं जेनिफर जोन्स ह्या साऱ्या जगाच्या रोटरीच्या अध्यक्ष झाल्या. लायन्स संस्थेनेंही १९८७ सालींच स्त्रियांस दार उघडलें होतें.

न्यायालयानें जें कारण दिलें तें निकालाहूनही महत्त्वाचें आहे, कारण त्यांत हा सगळा प्रश्न तोलण्याचा एक कांटा सांपडतो. न्यायमूर्तींनीं असा विचार केला: मनुष्यास आपलीं जिव्हाळ्याचीं माणसें निवडण्याचा हक्क आहेच. कुटुंबांत कोण असावें, जिवलग मित्र कोण असावा, हें सरकारनें सांगूं नये. परंतु रोटरी क्लब तसा जिव्हाळ्याचा आहे काय? एकेका क्लबांत २० पासून ९०० पर्यंत सभासद. दर वर्षीं कांहीं जातात, कांहीं नवे येतात. सभांस पाहुणे येतात. कार्याची वृत्तपत्रांतून प्रसिद्धि होते. आणि सभासदत्वामुळें धंद्यांतील ओळखी वाढतात. अशा मंडळास घरगुती स्नेहाचें संरक्षण मागतां येणार नाहीं. तात्पर्य, जेथें केवळ सहवास आहे तेथें निवड ज्याची त्याची. जेथें सभासदत्वाबरोबर प्रतिष्ठा, व्यवसाय आणि सार्वजनिक काम ह्यांचा वांटा मिळतो, तेथें अर्ध्या समाजास बाहेर ठेवण्याचें कारण सबळ असलें पाहिजे.

भारताचा कायदा मात्र खासगी मंडळांवर अशी सक्ति सहसा करीत नाहीं. राज्यघटनेच्या १५ व्या कलमानें लिंगभेदास मुख्यतः सरकारापुरती बंदी केली आहे, आणि १९ व्या कलमानें संघ स्थापण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अहमदाबाद येथील एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, फक्त पारशी सभासद घेण्याचा, नियम ग्राह्य धरला. तेथें प्रश्न समाजाचा होता, स्त्रीपुरुषांचा नव्हता; तरी त्यावरून दिशा समजते. म्हणजे येथें दार उघडावयाचें तर तें बहुधा आंतूनच, सभासदांच्या विवेकानेंच उघडावें लागेल.

बाहेरून सक्ति केली असतां काय होतें, ह्याचा धडा अमेरिकेंतील महाविद्यालयांनीं दिला आहे. तेथें विद्यार्थ्यांचे बंधुसंघ आणि विद्यार्थिनींचे भगिनीसंघ फार जुने आहेत. त्यांच्या महाविद्यालयांतील पुष्कळ शाखांस स्वतंत्र घर असतें, दीक्षेचे विधि असतात, आणि तेथील स्नेह पुढें नोकरी, धंदा, राजकारण ह्यांत उपयोगी पडतो. १९७२ सालीं शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास बंदी करणारा कायदा झाला. परंतु १९७४ सालीं ह्या सामाजिक संघांच्या सभासदत्वास त्यांतून वगळण्यांत आलें. २०१६ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें असा नियम जाहीर केला कीं, केवळ पुरुषांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या संघाचा जो सभासद असेल, त्यास विद्यार्थिमंडळांतील पुढारीपण आणि कांहीं मानाच्या शिफारशी मिळूं नयेत. हेतु पुरुषांचे जुने श्रीमंत क्लब मोकळे करण्याचा होता. परंतु नियम दोघांस सारखाच लागू झाल्यामुळें मुलींचे संघही त्याच्या माऱ्यांत सांपडले, आणि त्यांपैकीं कांहींनीं बंधुसंघांच्या जोडीनें न्यायालयाची वाट धरली. २०२० सालीं विद्यापीठानें तो नियम मागें घेतला. बलवान आणि दुर्बळ ह्यांचीं मंडळें एकाच मापानें मोजलीं म्हणजे दुर्बळाचें नुकसान अगोदर होतें, हा त्यांतील बोध.

कारण स्त्रियांचें स्वतंत्र मंडळ आणि पुरुषांचें बंद मंडळ हीं दिसावयास सारखीं असलीं तरी त्यांचें कार्य निराळें असतें. १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनीं सेवासदनाचा पाया घातला. ज्या काळीं विधवेस घराच्या माजघराबाहेर जागा नव्हती, त्या काळीं तेथें स्त्रियांनीं लिहावयास, शिकवावयास, शुश्रूषा करावयास शिकून घेतलें. आणि चारचौघींत उभें राहून बोलण्याचा धीरही तेथेंच मिळविला. त्याच्याही पूर्वीं, १८८२ सालीं, पंडिता रमाबाईंनीं पुण्यांत आर्य महिला समाज स्थापन केला होता. ह्या संस्था कोणास बाहेर ठेवण्यासाठीं निघाल्या नव्हत्या. ज्यांस सर्वत्र बाहेर ठेवण्यांत आलें होतें त्यांस एक जागा असावी म्हणून त्या निघाल्या. पुरुषांच्या मंडळांचें दार उघडलें म्हणून अशा संस्थांची गरज एका दिवसांत संपत नाहीं. मोठ्या सभेंत बोलण्यापूर्वीं लहान सभेंत बोलून पाहावें लागतें.

परंतु स्त्रियांचें स्वतंत्र मंडळ म्हणजे पुरुषांच्या मंडळाची पडवी नव्हे, हेंही तितकेंच खरें. पुष्कळ ठिकाणीं तडजोड म्हणून असें सांगण्यांत येतें कीं, स्त्रियांनीं आपलें निराळें साहाय्यक मंडळ काढावें, किंवा ‘सहयोगी सभासद’ व्हावें. १९२४ सालीं मँचेस्टर येथें मार्गारेट गोल्डिंग ह्यांनीं रोटरी सभासदांच्या पत्नींचें ‘इनर व्हील’ मंडळ काढलें. त्यानें आपल्या परीनें मोठें काम केलें, आणि आज तें स्वतंत्र प्रतिष्ठा पावलें आहे. परंतु त्या काळीं त्या मंडळांत येण्याची पात्रता स्त्रीच्या स्वतःच्या व्यवसायावर अवलंबून नव्हती. पति कोण, ह्यावर होती. अमेरिकेंतील जेसीज ह्या तरुणांच्या संघानें तर स्त्रियांस असें सहयोगी सभासदत्व दिलें कीं, वर्गणी भरावी, काम करावें, परंतु मत देऊं नये, पद धरूं नये, नि पारितोषिकही घेऊं नये. मिनेसोटा राज्यांतील दोन शाखांनीं हा भेद मोडला, तेव्हां त्यांची सनद काढून घेण्याची धमकी आली. आणि १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या राज्याचा समानतेचा कायदा उचलून धरला. गणेशोत्सवांत, जत्रेंत, सप्ताहांत हजार माणसांचा स्वयंपाक करावयास स्त्रिया हव्यात आणि वर्गणीचा हिशेब वाचतांना नकोत, हें ज्या मंडळांत चालतें तेथें हेंच सहयोगी सभासदत्व नांव न घेतां चालूं असतें.

आतां पुन्हां तालमीच्या दाराशीं यावें. येथील संकेत सर्वांत कडक, आणि येथेंच काळानें सर्वांत मोठा फरक घडविला आहे. १९५० नंतरच्या दशकांत हमिदा बानू नांवाच्या मल्ल स्त्रीनें पुरुषांशीं कुस्त्या धरून देशभर खळबळ उडविली. परंतु पुण्यांत ठरलेली तिची एक कुस्ती स्थानिक कुस्तीगीर संघटनेच्या हरकतीमुळें होऊं शकली नाहीं. १९८७ सालीं स्त्रियांच्या कुस्तीची पहिली जागतिक स्पर्धा झाली. २००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें तिला स्थान मिळालें. २०१६ सालीं रिओ येथें साक्षी मलिक हिनें भारतास कांस्यपदक मिळवून दिलें. आणि ज्या महाराष्ट्रांत हमिदेची कुस्ती अडली, तेथेंच २०२३ सालीं सांगली येथें पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली, नि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिनें ती जिंकली.

ह्यावरून प्रत्येक तालमीनें मुलामुलींस एकाच आखाड्यांत, एकाच वेळीं उतरवावें असें निघत नाहीं. कुस्ती अंगास अंग भिडवून होते. तेथें निराळी वेळ, निराळी जोड, कपडे बदलण्यास निराळी खोली आणि मुलींस शिकविणारी जाणती स्त्री, ह्या गोष्टी आवश्यकच आहेत. ह्या व्यवस्थेस भेदभाव म्हणतां येणार नाहीं. परंतु तालमीची इमारत जर ग्रामनिधींतून उभी राहिली असेल, मातीचा खर्च जर गांवच्या वर्गणींतून होत असेल, तर पहाटेची माती मुलांस आणि दुपारची माती मुलींस, इतका तरी हिशेब गांवानें मांडावयास हवा. मारुतीच्या उपासनेचा मान वेळा वांटून राखतां येतो. मुलीचें वय मात्र थांबवून ठेवतां येत नाहीं. जी मुलगी बारा वर्षांची असतांना दारावरून परत गेली, तिला विसाव्या वर्षीं दार उघडून दिल्यानें मल्ल होतां येत नाहीं.

तालमीपेक्षांही गंभीर गोष्ट सोसायटीची आहे, कारण तेथें प्रश्न पोटाचा आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानें पात्र माणसास सबळ कारणाशिवाय सभासदत्व नाकारतां येत नाहीं. ‘पुरुष’ असा शब्द तेथें कोठेंही नाहीं. उलट व्यवस्थापक समितीवर स्त्रियांसाठीं दोन जागा राखण्याची तरतूद आहे. दार उघडें, उंबरठा मात्र उंच. शेतीकर्ज देणाऱ्या सोसायटीचें सभासद होण्यास सामान्यतः नांवावर जमीन लागते, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर नांव असतें तें बहुधा पतीचें, दिराचें किंवा सासऱ्याचें. नांगरट सोडली तर लावणी, खुरपणी, काढणी, गुरांचें वैरणपाणी हीं कामें बहुतांशीं ती करते. बी-भरणाच्या कर्जाची सही मात्र दुसऱ्याची. अशा रीतीनें नियमांत लिहिलेला नसतांही ‘पुरुष’ हा शब्द उताऱ्याच्या वाटेनें परत येतो. पती वारल्यावर वारसनोंद लांबली, तर जी स्त्री तें शेत वर्षानुवर्षें कसत आली तीच पेरणीच्या तोंडावर कर्जापासून वंचित राहते.

ह्या उंबरठ्यावर पहिला घाव घालण्याचें श्रेय आंबेगांवच्या शेजारच्या खेड तालुक्यास कांहीं अंशीं द्यावें लागेल. चाकणजवळच्या आंबेठाण येथें राहून शेतकरी संघटना उभी करणारे शरद जोशी ह्यांनीं १९८६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें शेतकरी स्त्रियांचें मोठें अधिवेशन भरविलें, आणि पुढें लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेनें शेतकऱ्यांस आवाहन केलें कीं, जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करून द्यावा. १९९४ सालीं महाराष्ट्रानें एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेंत मुलीस जन्मतः हिस्सा दिला. २००५ सालीं साऱ्या देशासाठीं तसा कायदा झाला. सभासदत्वाचा प्रश्न असा मालकीच्या प्रश्नाशीं जोडलेला आहे. घटनेंतील एक शब्द खोडणें सोपें. त्या शब्दाच्या सावलींत वाढलेली व्यवस्था बदलणें कठीण.

दार उघडल्यावरही काम संपत नाहीं, ह्याची साक्ष सुशिक्षितांच्या एका लाडक्या संस्थेनेंच दिली आहे. मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ सालच्या पुण्याच्या ग्रंथकार संमेलनापासून सुरू झाली. न्यायमूर्ति रानडे त्याचे अध्यक्ष होते. स्त्रीनें अध्यक्ष होऊं नये असा नियम तेथें नव्हता. तरीही पहिल्या स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे ह्या १९६१ सालीं, ग्वाल्हेरच्या संमेलनांत लाभल्या. म्हणजे ८३ वर्षें गेलीं. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ सालीं दिल्लीच्या संमेलनांत तारा भवाळकर, अशा पांचच स्त्रिया त्या पदावर आल्या. लिहिणाऱ्या स्त्रियांची वाण महाराष्ट्रास कधीं नव्हती. निवडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचीं नांवें उभीं राहण्यासच इतका काळ लागला.

मग उपाय कोणता? एक नमुना खेड्यानेंच पुढें ठेवला आहे. १९९३ सालीं अंमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींत स्त्रियांसाठीं एकतृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं त्या निम्म्यावर नेल्या. त्याबरोबरच नियमित ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविण्याची तरतूद ह्या राज्यांत आहे. प्रथम स्त्रिया आपसांत बसतात. पाण्याचा नळ, रेशन, दारूचा अड्डा, शाळेची वाट, अशा गोष्टी संकोच न बाळगतां बोलतात. आणि मग त्यांचें म्हणणें साऱ्या गांवाच्या सभेंत जातें, जेथें त्या स्वतःही मताच्या धनी असतात. निराळी बैठक आणि सामाईक सभा ह्यांत विरोध नाहीं. एक दुसरीची पायरी होते. पुष्कळ गांवीं ही सभा कागदावरच उरकते आणि सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारीं त्यांचे यजमान बसतात, हें खरें. परंतु योजना सदोष आहे म्हणून तसें होत नाहीं, ती पाळली जात नाहीं म्हणून तसें होतें.

त्यावरून पुरुषमंडळांनीं स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. आपल्या सभासदत्वानें केवळ सहवास मिळतो, कीं पैसा, पद, निर्णय ह्यांतील वांटाही मिळतो? जर वांटा मिळत असेल, तर तो स्त्रीस नाकारण्यास कामाच्या स्वरूपांतून निघणारें एखादें कारण आहे काय, कीं केवळ संवयच आहे? आणि दार उघडावयाचें ठरल्यास, मतासह, पदासह, हिशेबाच्या वहीसह उघडणार, कीं फक्त स्वयंपाकघराच्या बाजूनें? चार मित्रांनीं रविवारीं डोंगर चढावा, पत्त्यांचा डाव मांडावा, ह्यांत कोणीं लुडबुड करण्याचें कारण नाहीं. तें मैत्र आहे आणि मैत्रास घटना नसते. परंतु ज्या मंडळास घटना आहे, वर्गणी आहे, शिक्का आहे, आणि ज्याच्या ठरावानें इतरांच्या आयुष्यांत फरक पडतो, त्यानें आपण केवळ मित्र आहों असें म्हणून सुटका करून घेऊं नये.

बंधुभाव हा शब्द मोठा आहे. मुंबईच्या मेसनांस तो एके काळीं आपल्या रंगापुरता वाटला; दुआर्तेच्या मंडळींनीं त्याचा अर्थ बिल्ल्यावर फुली मारून वाढविला. शिनोलीच्या वाटेनें घरीं जाणाऱ्या त्या स्त्रीस सगळींच दारें उघडीं हवीं असतील असें नाहीं. कदाचित् तालमींत तिला स्वतःला जावयाचें नसेल, तिच्या लेकीस जावयाचें असेल. भजन तिला बायकांच्या मंडळांतच गोड वाटत असेल. परंतु सोसायटीच्या सभेची नोटीस मात्र तिला आपल्या नांवानें हवी असेल. कोणतें दार लोटावयाचें आणि कोणतें राहूं द्यावयाचें, हें तिचें तिनें ठरवावें. तोंवर मंडळांनीं एवढें करावें कीं, आंतून घातलेली कडी आपल्या हातानें काढून ठेवावी.